दुसऱ्या वाटेने विचारून घ्या

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या हंदीकेऱ्यात १३ जुलै २०१८ च्या शुक्रवारी हैदराबादकडून पाहुणे आले होते. तरुण मित्र, ओळखीच्या घरी भेटायला आलेले, त्यातला एक कतारचा. शाळकरी लेकरं दिसली म्हणून त्यांनी जवळची चॉकलेटं त्यांना दिली. त्या दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप फिरत होते. कुणाला तरी संशय आला, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो ग्रुपवर गेला. पाहुणे गाडीत बसून निघाले, पण व्हिडिओ त्यांच्या आधी मुरकी गावाला पोचला होता. तिथे रस्ता अडवलेला होता. गाडी पडली आणि जमाव तुटून पडला. ३२ वर्षांच्या एका इंजिनिअरचा जीव गेला. वाचवायला धावलेले पोलीसही जखमी झाले. पुढे तीसेक जणांना अटक झाली आणि त्यात व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही होता.

इंटरनेटवरच्या सावधगिरीबद्दल लिहायचं तर ओटीपी आणि पासवर्डपासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी मुरकीपासून करतोय, कारण त्या दिवशी कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांना, लेकरांच्या काळजीपोटी, निरोप पाठवले होते. त्याच्या बाराच दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं होतं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. संशय तोच, निरोपही तसलेच. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ होता: मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून पोरगं उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि हातातली पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला होता.

कापलेला शेवट फोनकडे बघून कळत नाही. तो कळायला दुसरीकडे विचारावं लागतं. या लेखात मला सांगायची आहे ती हीच एक गोष्ट: निरोप ज्या वाटेने आला ती सोडून दुसऱ्या वाटेने विचारायचं. बाकी सगळं तिच्याच पोटात येतं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या आपल्या भागात याची गरज जास्त का आहे, ते घरातला फोन उघडून बघितलं की कळतं. बँकेचा मेसेज इंग्रजीत, तहसीलची आणि पोलिसांची सूचना कन्नडात, रील्स हिंदीत नाहीतर दखनीत. मराठीत येतं ते उदगीर, निलंगा, देगलूर, अक्कलकोटकडच्या सोयऱ्यांकडून. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. नकाशावर रेघ पडली म्हणून सोयरीक तुटली नाही. त्यामुळे परक्या भाषांच्या त्या गर्दीत मराठीतून, मावशीच्या नंबरावरून काही आलं की आपण तपासत नाही. आणि घरातलं इंग्रजी-कन्नड वाचतं कोण? आठवी-नववीतलं लेकरू. आजीच्या खात्यावर पैसे आले का, गॅसचा मेसेज काय म्हणतो, हे तेच सांगतं. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या कित्येक घरांत घरच्या व्यवहाराचा वाचक चौदा वर्षांचा आहे. त्याला फक्त “मोबाईल कमी बघ” सांगून भागणार नाही.

गावचा ग्रुप चालवणाऱ्यांसाठी

मुरकीनंतर आठवडाभराने, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० पासून खूप फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्याच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसते. ही खूण लेकरांना आवर्जून दाखवा. दोन बाण म्हणजे हा निरोप मामाने लिहिलेला नाही, मामाच्या हातून फक्त गेलेला आहे.

पोरं पळवणारे, विहिरीत विष, अमक्या गल्लीत मारामारी, असलं काही ग्रुपवर आलं तर ॲडमिनने पहिल्या पाच मिनिटांत तीन कामं करावीत. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं करावं. तो निरोप सगळ्यांसाठी डिलीट करावा. ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला निरोपही पुसता येतो. मग ज्या गावाचं नाव त्यात आहे तिथल्या एका माणसाला थेट फोन लावावा. फिरलेला निरोप पुरावा म्हणून लागेल असं वाटलं तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवावा. गावात खरोखर अनोळखी माणसं संशयास्पद वाटत असतील तर ११२ ला फोन करावा आणि त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नये. “खरं आहे का बघा” असं लिहून पुढे पाठवणं हेही पाठवणंच आहे. वाचणारा आपला प्रश्न वाचत नाही, खालचा व्हिडिओ बघतो.

पैशाचे निरोप

सीमेवरच्या घरांना दोन राज्यांच्या योजना ऐकू येतात. इकडे गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये, पलीकडे नणंदेला लाडकी बहीणचे १,५००. त्यामुळे “ई-केवायसी राहिली आहे, या लिंकवर करा नाहीतर हप्ता बंद” हा निरोप कुठल्याही बाईला खरा वाटू शकतो. इथे दुसरी वाट अगदी जवळ आहे: अंगणवाडी टीचर, पंचायतीतले पीडीओ, ग्राम वन केंद्र. हप्ता बंद होणार असेल तर तो उद्या सकाळी दहा वाजता तिथे विचारूनही वाचतो. जो निरोप उद्यापर्यंत थांबू देत नाही, त्यावर संशय घ्या.

फसवायची दुसरी रीत म्हणजे फाईल. लग्नपत्रिका, आरटीओचा दंड, पीएम किसानची यादी, अशा नावाने फाईल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते उघडून बसवलं की आपले मेसेज, त्यातले ओटीपी, दुसऱ्याच्या हाती जातात आणि आपल्याच नंबरावरून तीच पत्रिका सगळ्या सोयऱ्यांना जाते. लग्नसराईत तर हे हमखास चालतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ती कधी बसवावी लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणचे ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवा आणि आजोबांच्या फोनवर आधी बंद करा.

यूपीआयचं एकच वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. सोयाबीनचा व्यापारी असो, जुन्या मोटरसायकलीचा गिऱ्हाईक असो की बक्षीस देणारा, “पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असं म्हणाला की फोन ठेवून द्यावा. तसंच *४०१* ने सुरू होणारा नंबर कुणी डायल करायला सांगितला तर करू नये; त्याने आपले कॉल दुसऱ्याकडे वळतात. केला असेल तर ##००२# डायल करावं, वळवलेले कॉल बंद होतात.

आणि “डिजिटल अरेस्ट”. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, “तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.” असली अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितलं होतं. यात अडकतात ते बहुधा निवृत्त मास्तर, कारकून, आयुष्यभर कायद्याला भिऊन वागलेली माणसं. त्यांना हसू नका. त्यांना एवढंच सांगून ठेवा की असा फोन आला तर तो कापून गल्लीतल्या पोराला हाक मारायची.

खातं भाड्याने

कॉलेजच्या पोरांशी मला थोडं कडक बोलायचं आहे. “तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन मिळेल” असं कुणी म्हणत असेल, मग तो होस्टेलमधला सीनियर का असेना, तो तुझ्या नावावर चोरीचा माल ठेवतोय. लुटलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत पळवला जातो आणि पोलिसांना पहिलं सापडतं ते त्या मधल्या खात्याच्या मालकाचं नाव. मोठा ठग दुसऱ्या देशात बसलेला असतो आणि शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं गोठतं तुझं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम आणि नेट बँकिंग यांचा संच कुणालाही द्यायचा नाही, भाड्याने तर मुळीच नाही.

परदेशातल्या डेटा एंट्रीच्या जाहिरातींचंही तसंच. थायलंडची नोकरी म्हणून नेलेल्या पोरांना सीमेपार म्यानमारमध्ये कोंडून लोकांना फसवायला लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये सरकारला विमानं पाठवून पाचशेहून जास्त भारतीयांना तिथून परत आणावं लागलं. एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. पर्यटक व्हिसावर नोकरीला पाठवणारा एजंट खोटा आहे, एवढं धरून चाला.

लेकराचा फोटो

आता सगळ्यात अवघड भाग, आणि आईबापांनी तो शांतपणे वाचावा.

इन्स्टाग्रामवर ओळख होते, चारआठ दिवस गोड बोलणं होतं, मग व्हिडिओ कॉल किंवा एखादा फोटो मागितला जातो. मुलगा असेल तर पलीकडे मुलगी असल्याचं भासवतात, कॉल रेकॉर्ड करतात आणि दहा मिनिटांत धमकी येते: पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअरना पाठवतो. मुलीच्या बाबतीत तर कित्येकदा तिने काहीही पाठवलेलं नसतं. गॅदरिंगचा साधा फोटो उचलून एआयने दुसऱ्या अंगावर चिकटवलेला असतो. दोन्हीकडे एक वाक्य हमखास येतं: “घरी सांगितलंस तर बघ.”

दुसरी वाट बंद करणारा माणूस ओळखायचा तो इथे. ठगाला आपलं लेकरू एकटं हवं असतं. दुर्दैवाने त्याचं निम्मं काम आपण आधीच करून ठेवलेलं असतं. “असलं काही दिसलं तर फोन काढून घेईन, शाळा बंद करीन” हे आपण शंभरदा बोललेलो असतो. मुलींना ते जास्त ऐकावं लागतं आणि ती धमकी खरी ठरलेली त्यांनी आजूबाजूला बघितलेली असते. म्हणून ती सांगत नाही, आधी गुल्लकातले पैसे देते, मग आईच्या यूपीआयवरून देते, आणि पैसे दिल्यावर मागणी वाढते. आजच, काहीही घडलेलं नसताना, लेकराला हे शब्द सांगा: “काहीही झालं, चूक तुझी असली तरी, तू मला दाखवलंस तर मी फोनही काढून घेणार नाही आणि शाळाही बंद करणार नाही.” सांगितलं की पाळा. एकदा मोडलंत तर दुसऱ्यांदा लेकरू येणार नाही.

घडलंच तर: एक रुपयाही पाठवू नये. धमकीचे मेसेज, समोरच्याचं यूजरनेम, नंबर, पैसे मागितलेली यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढावेत आणि ते झाल्यावरच ब्लॉक करावं. लाजेपोटी चॅट डिलीट करू नये, तोच पुरावा असतो. मूल १८ वर्षांखालचं असेल तर ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सोय आहे, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राची. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांतला ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सामील कंपन्या तो फोटो ओळखून रोखतात. मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ याच पद्धतीने चालतं. शिवाय २०२१ च्या आयटी नियमांनी असा खासगी फोटो तक्रार आल्यावर २४ तासांत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं, तेव्हा ॲपमधून ‘रिपोर्ट’ जरूर करा.

लहान मुलाचा असा फोटो ग्रुपवर आला तर “ही कोणाची आहे?” म्हणून तो पुढे पाठवणारा माणूसही गुन्हा करतो. आयटी कायद्याच्या ६७ ब कलमात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पोक्सो कायद्याखाली मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, ती पत्रकारांइतकीच गावच्या ग्रुपलाही लागू आहे. म्हणून तक्रार केल्याने नाव गावभर होईल ही भीती बाळगू नका. महिला आणि मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते.

लेकरू गप्प झालं असेल, जेवत नसेल, “मी नसलेलंच बरं” असं काही बोललं असेल तर तक्रार नंतर, आधी त्याच्याजवळ बसा. एकटं सोडू नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक मिळतात.

खोलीवर राहणारी पोरं

दहावीनंतर आपल्याकडची कितीतरी पोरं नीटच्या तयारीला लातूरला किंवा बिदरच्या होस्टेलला जातात. परीक्षा जवळ आली की टेलिग्रामवर “पेपर फुटला, इतके पाठवा” सुरू होतं. २०२५ च्या नीटआधी परीक्षा घेणाऱ्या एनटीएने असल्या दाव्यांच्या तक्रारीसाठी संकेतस्थळावर खास सोय केली होती आणि डझनावारी चॅनल उघडे पाडले होते. पैसे पाठवून पेपर मिळत नाही, आणि मिळवायला गेलो हे घरी सांगता येत नाही म्हणून पोरगं पुन्हा एकटं पडतं. पैशांवर खेळायच्या ॲपचंही तेच. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती बंद केली, तरी लिंका फिरतच असतात. महिन्याचे मेसचे पैसे अचानक कमी पडायला लागले तर ओरडण्याआधी भेटून या.

तक्रार कुठे, कोणत्या भाषेत

पैसे गेले तर पहिला फोन १९३० ला, लगेच, रात्री दोन वाजले असले तरी. हा क्रमांक देशभर चालतो, कर्नाटकातूनही आणि महाराष्ट्रातूनही. ठगाच्या खात्यातून पैसा पुढे सरकायच्या आत तो अडवता येतो, म्हणून पहिला तास सोन्याचा. हाताशी ठेवा: आपल्या बँकेचं नाव, खातं क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तक्रारीचा पावती क्रमांक लिहून घ्या. लगोलग बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असला तरी कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं.

खातं उदगीरच्या शाखेत, सिम लातूरला घेतलेलं, घर कमलनगरला, अशी स्थिती असेल तर हद्दीच्या प्रश्नात अडकू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्द कुठलीही असो, ठाण्याने तक्रार घ्यायची असते. तोंडी सांगितली तर त्यांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत मोफत द्यायची. कर्नाटकात जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर गुन्ह्यांचं वेगळं पोलीस ठाणं आहे, बोर्डावर ‘सीईएन’ लिहिलेलं. कन्नड लिहिता येत नाही म्हणून परत फिरू नका. कन्नड येणारा एक शेजारी बरोबर न्या आणि प्रतीवर सही करण्याआधी त्याच्याकडून वाचून घ्या.

एक तयारी मात्र आज करून ठेवण्यासारखी आहे. एआयने आता माणसाचा आवाजही काढता येतो. “बाबा, माझा अपघात झालाय, या नंबरवर पैसे टाका” हे रडणं आपल्याच लेकराच्या आवाजात येऊ शकतं. त्यासाठी घरात एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर घरच्यांनाच ठाऊक आहे आणि जे कुठल्याही फोनमध्ये नाही: आजोबांच्या डाव्या बैलाचं नाव काय होतं, मळ्यातल्या आंब्याला आपण काय म्हणतो. तो प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहू नका. रात्री जेवताना ठरवा, आणि खोलीवर असलेल्या पोराला ते सुट्टीला घरी आल्यावर समोर बसवून सांगा.